इन्फेक्शन झालेल्या गुडघ्यात औषधाचं सिमेंट का भरतात?

आत्याचा बदललेला गुडघा दीड वर्षाने सुजला. डॉक्टर म्हणाले, इम्प्लांटला इन्फेक्शन झालंय, सांधा काढून 'अँटिबायोटिक स्पेसर' बसवावा लागेल. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न: गोळ्यांनी नाही का बरं होणार? मी सॉफ्टवेअरवाला, पण शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

अडचण आहे बायोफिल्मची. जंतू धातूवर किंवा प्लास्टिकवर बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात. पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच. इम्प्लांटला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आणि या थरातले जंतू मारायला नेहमीच्या शेकडो पट औषध लागू शकतं. तेवढं सलाईनमधून दिलं तर आधी किडनीच जायची.

म्हणून औषध थेट सांध्यातच ठेवतात. १९७० च्या सुमारास जर्मनीत, हॅम्बुर्गला, डॉ. बुखहोल्त्स यांनी बोन सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली. हे सिमेंट बांधकामाचं नव्हे. पीएमएमए, म्हणजे अ‍ॅक्रिलिक शीट ज्याची बनते तेच. पावडर आणि द्रव कालवला की काही मिनिटांत घट्ट होतं आणि तेव्हा चांगलंच तापतं. त्यामुळे उष्णता सोसणारीच औषधं चालतात: जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन. स्पेसरसाठी ४० ग्रॅम सिमेंटमागे साधारण ३-४ ग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध घालतात.

पहिले काही दिवस औषध भरपूर झिरपतं, मग ओघ आटतो. बरंचसं आतच अडकून राहतं. पुढे त्या सिमेंटवरही जंतू बसू शकतात, म्हणून स्पेसर हा पाहुणाच. तो सांध्याची जागा धरून ठेवतो. सोबत बहुधा सहाएक आठवडे शिरेतून किंवा तोंडाने अँटिबायोटिक चालू असतं, आणि इन्फेक्शन आटोक्यात आलं की नवा सांधा. कॅल्शियम सल्फेटचे मणीही मिळतात (प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच घराण्यातले). ते विरघळून जातात, काढावे लागत नाहीत. पण जखमेतून पाणी येत राहण्याचा त्रास होऊ शकतो.

इन्फेक्शन ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत पकडलं, तर कधी कधी सांधा धुऊन आणि मधलं प्लास्टिक बदलूनही भागतं, कारण थर अजून कच्चा असतो.

आत्याने मात्र सूज आल्यावर दोन महिने मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं तर जंतू उगवलेच नाहीत; मग सिमेंटमध्ये कोणतं औषध घालायचं ते ठरेना. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी काढलं, तेव्हा कुठे जंतूचं नाव कळलं.