नुगूराचा गोखरू

ऑस्ट्रेलियात नुगूरा बर या नावाने ओळखले जाणारे तण हा गोखरूचाच एक प्रकार आहे. महाराष्ट्रात नाल्याकाठी, पडीक रानात आणि सोयाबीनच्या बांधावर माजणारे, कुठे शंकेश्वर तर कुठे लांडगा म्हटले जाणारे झॅन्थियम गटातले तण हे त्याचे अगदी जवळचे भावंड. जमिनीवर पसरून पायात रुतणारा सराटा मात्र वेगळ्या कुळातला. औषधी दुकानात गोखरू म्हणून मिळतो तो सराटाच. क्वीन्सलँडमध्ये इप्सविच शहराजवळ नुगूरा नावाचा पशुपालनाचा मोठा मळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तण तिथे नजरेस आले आणि मळ्याचे नाव त्याला कायमचे चिकटले.

ते तिथे पोहोचले कापसामुळे, असे मानले जाते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. ज्या तेजीने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या, त्याच तेजीच्या आशेने क्वीन्सलँडच्या नव्या वसाहतीनेही कापूस लावला. त्यासाठी अमेरिकेतून आणलेल्या सरकीत गोखरूची फळे मिसळलेली होती. युद्ध संपल्यावर कापसाची तेजी ओसरली. गोखरू तिथेच राहिला. त्याचे काटेरी भावंड, बाथर्स्ट बर, त्याआधीच त्या खंडात आले होते. चिलीहून जहाजाने आणलेल्या घोड्यांच्या शेपट्यांत अडकून ते उतरले, असे सांगतात.

गोखरूचा हा सगळा प्रवास त्याच्या फळात सामावलेला आहे. फळ लंबगोल, साधारण दीड-दोन सेंटीमीटरचे, सर्वांगाला आकडेदार काटे आणि टोकाला दोन चोची. जनावराच्या केसांत, कपड्यांत, पोत्याच्या सुतळीत ते अडकते. सालीखाली हवा कोंडलेली असल्याने ते पाण्यावर कित्येक दिवस तरंगतही राहते. मोठ्या झाडाला अशी हजारो फळे लागतात. फळ उभे चिरले की आत एकाखाली एक असे दोन कप्पे दिसतात आणि प्रत्येकात एक बी असते. खालच्या कप्प्यातले बी पहिल्या चांगल्या पावसाला उगवते, वरचे मागे राहते आणि पुढच्या हंगामात किंवा त्याच्याही नंतर वर येते. हा फरक अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवला. वरच्या बीच्या आवरणातून प्राणवायू पुरेसा शिरत नाही, असे कारण आधी दिले गेले. पुढे बीमधल्या उगवणरोधक द्रव्यांचाही त्यात हात असल्याचे दिसले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: एका वर्षी रान कितीही स्वच्छ केले, तरी पुढच्या वर्षाची पेरणी जमिनीत आधीच झालेली असते.

ऑस्ट्रेलियाचे अर्थकारण तेव्हा मेंढीच्या पाठीवर उभे होते आणि गोखरूचा घाव बसला तो नेमका तिथेच. आकडे लोकरीत इतके घट्ट गुंततात की कातरणी करणाऱ्याचे हात ओरबाडले जातात आणि लोकरीला भाव कमी मिळतो. अशी लोकर साफ करण्याची गिरण्यांतली रीत मोठी कौशल्याची आहे. लोकर सौम्य गंधकाम्लात भिजवून तापवतात. लोकर प्रथिनाची असल्याने ती टिकते, पण काट्यांचा काष्ठमय भाग जळून ठिसूळ कोळसा होतो. मग रुळांखाली चिरडून त्याची पूड झटकून टाकतात. हा खर्च शेवटी मेंढपाळाच्या भावातूनच वजा होत असे.

मेंढ्यांच्या कळपांनी हे तण गावोगाव नेले, पण त्याला खरे बळ दिले पुरांनी. नदीचे पाणी ओसरले की गाळावर रोपांचा हिरवा गालिचाच उगवे. ही कोवळी रोपे विषारी असतात. कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचे द्रव्य बियांत आणि बीदलांत भरपूर असते. ते यकृतावर आघात करते आणि डुकरे, वासरे काही तासांत दगावतात. खरी पाने फुटली की विषाचा जोर उतरतो, म्हणून धोका पूर ओसरल्यानंतरच्या थोड्या दिवसांचा. चाऱ्याची टंचाई असते तीही नेमकी त्याच दिवसांत.

पहिले उपाय कुदळीचे आणि कायद्याचे होते. जमीनमालकाने आपल्या हद्दीतला गोखरू फळे धरण्याआधी काढावा, असे बंधन आले. ‘फळे धरण्याआधी’ ही वेळ गाठणे अवघड का, हे 1938 मध्ये शिकागो विद्यापीठातील हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. गोखरू रात्रीची लांबी मोजतो. सुमारे साडेआठ तासांहून मोठी एकच अखंड काळोखी रात्र मिळाली तरी तो फुलोऱ्यावर येतो. मधेच थोडा वेळ प्रकाश पाडला तर येत नाही. वनस्पतींच्या कालज्ञानाचा अभ्यास पुढे कित्येक दशके याच तणावर झाला. रानातला परिणाम असा की हंगामाच्या शेवटी उगवलेले वीतभर रोपही वाढीची वाट न पाहता फुलते आणि चार-दोन फळे सोडून जाते. लवकर केलेली एक निंदणी त्यामुळे कधीच पुरत नाही.

मग कीटकांकडे लक्ष गेले. 1930 च्या दशकात अमेरिकेतून बिया खाणारी एक माशी आणली, पण तिने फारसे काही साधले नाही. 1960 च्या दशकात खोड पोखरणारे दोन भुंगेरे सोडले गेले. त्यातला नुप्सेर्हा हा भारतातून नेलेला होता. भुंगेऱ्यांनी खोडे पोखरली, तरी झाडे फळे धरतच राहिली. जे कीटकांना जमले नाही ते तांबेऱ्याच्या बुरशीने केले. 1970 च्या दशकाच्या मध्यात, कोणी मुद्दाम न आणता, ती क्वीन्सलँडमध्ये प्रकटली आणि दमट किनारी पट्ट्यातला गोखरू तिने खिळखिळा केला. कोरड्या अंतर्भागात मात्र तिचा जोर चालत नाही.

1980 च्या दशकात मेक्सिकोहून खोडावर गाठी करणारा एक पतंग आणला, तो मुळात गाजर गवतासाठी. गोखरूवरही तो पोसला गेला आणि उपयोगी ठरला. भारतात हाच पतंग तपासणीसाठी आणला होता. पण तो कारळ्यावरही वाढतो असे दिसताच त्याची पैदास नष्ट करण्यात आली. कारळे हे इथले तेलबियांचे पीक असल्याने तो निर्णय योग्यच होता.

पिकांत भिस्त राहिली तणनाशकांवर. 2,4-डी दुसऱ्या महायुद्धानंतर आले आणि कोवळ्या गोखरूवर चांगले लागू पडले. सोयाबीनमध्ये ते उभ्या पिकावर फवारता येत नसे, कारण सोयाबीनही रुंद पानांचेच. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोखरू सोयाबीनचा सर्वांत जाचक शत्रू ठरला तो यामुळेच. तिथे वर्षानुवर्षे एकाच गटाची औषधे वापरली गेली आणि 1980 च्या दशकात त्यांना न जुमानणारे गोखरूचे वाण निपजले. त्यानंतर पीक फेरपालट, ओळींमधली कोळपणी आणि निरनिराळ्या गटांच्या औषधांचा आलटून पालटून वापर यांवर भर आला.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, किंबर्ली भागातल्या फिट्झरॉय नदीकाठी, लढाई तणाचा फैलाव रोखण्याची आहे. तण पुराबरोबर खाली सरकते, म्हणून काही काठांवर प्रवेशालाच निर्बंध घातले गेले आणि बाहेर पडताना बूट, कपडे आणि गाडीची चाके तपासण्याची शिस्त लावण्यात आली.