राजकवी आणि लोकजीवन

राजकवी म्हटले की दरबारात धन्याची स्तुती गाऊन बिदागी घेणारा भाट डोळ्यांपुढे उभा राहतो. हा समज अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी नगरांचा इतिहास पाहिला असता या पदाचे दुसरेही एक अंग दिसून येते, आणि देवस्थानाच्या आश्रयाने पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या समाजाने ते ध्यानात घेण्याजोगे आहे.

कवीला राजाने पोसण्याची चाल सर्व देशांत होती. लिसेवात शिकलेल्या जुन्या पिढीला कामोंइश हा कवी परिचित आहे. काही वर्षे गोव्यात राहून गेलेल्या या कवीचे महाकाव्य १५७२ साली लिस्बन येथे छापले गेले व राजा सेबास्तियांव याने त्यास वर्षाला १५,००० रेइशांचे वेतन बांधून दिले. कवीची कीर्ती त्या वेतनापेक्षा कितीतरी मोठी ठरली.

बडोद्यास गायकवाडांच्या दरबारी चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे हे राजकवी होते. १९३७ साली ते निवर्तले. पुढे १९४० साली तो मान यशवंत दिनकर पेंढरकर यांजकडे आला. प्रतापसिंहराव महाराजांच्या राज्यारोहणानिमित्त यशवंतांनी ‘काव्यकिरीट’ रचले. पदाचे कर्तव्य म्हणून ते उचितच होते. परंतु आज ते काव्य अभ्यासकांपुरतेच उरले आहे. उलट, याच कवीची ‘आई’ ही कविता ज्यांनी बडोदे कधी पाहिले नाही अशा घरांतूनही मुखोद्गत झाली. दरबाराने पद दिले खरे. पण कवितेची निवड लोकांनी आपल्या हातात ठेवली.

ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांचे आयुष्य मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या चाकरीत गेले व ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचा अंत झाला. जून १८५८ मध्ये झाशीची राणी ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली, त्या वेळी जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या पक्षास होते. त्याच शिंद्यांच्या नगरीत राणीची समाधी आहे, आणि त्याच दरबाराच्या राजकवीने राणीवर जी कविता लिहिली, ती महाराष्ट्रातील मुलांनी शाळाशाळांतून म्हटली. दरबाराला जे उच्चारणे अवघड होते ते समाजाच्या वतीने कवीने उच्चारले. राजकवीचे खरे काम ते हेच, असे मला वाटते.

तांब्यांचा आपल्या गोमंतकाशी असलेला संबंधही विसरता येणार नाही. त्यांची अनेक गीते लता मंगेशकर यांनी गाऊन घरोघरी पोचविली. त्यांच्या घराण्याचे आडनावच मुळी मंगेशीवरून आलेले. आणि कुडचड्यास १९१० साली जन्मलेले बाळकृष्ण भगवंत बोरकर तर तांब्यांना गुरुस्थानी मानीत. बोरकरांना राजकवीपद देणारा दरबार गोव्यात नव्हता. तरीही मराठी व कोंकणी अशा दोन्ही भाषांतून त्यांनी या भूमीचे रूप गायिले, आणि लोकांनी त्यांना ‘बाकीबाब’ या घरच्या नावाने हाक मारली. १९८४ साली ते गेले. ते नाव मात्र राहिले.

१९४८-४९ मध्ये ग्वाल्हेर व बडोदे ही संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्याबरोबर राजकवींची पदेही संपली. मात्र समाजाची गरज संपलेली नाही. बारसे, विवाह, उत्सव, वियोग अशा प्रसंगी सर्वांच्या मनातले शब्दांत मांडणारा कोणीतरी लागतोच. आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांतून हे काम कीर्तनकारांनी, आरत्या व पदे रचणाऱ्या अज्ञात भक्तांनी आणि पाळणे गाणाऱ्या आजीबाईंनी केले. त्यांना वेतन नव्हते, सनद नव्हती. कित्येकांचे नावही आज कोणास सांगता येत नाही.

अशी पदे जुन्या वह्यांतून, क्वचित नुसत्या स्मरणात, अजून काही घरांतून शिल्लक असतील. वाळवी आणि विस्मृती यांच्या हाती ती जाण्यापूर्वी प्रत्येक महाजन कुटुंबाने आपल्या घरातील रचना उतरवून, रचणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास तेही लिहून, देवस्थानाच्या दप्तरी द्याव्यात. दरबार गेले तरी दप्तर आपले आहे, आणि आपल्या कवींची नोंद ठेवण्याचे दायित्व आता आपणांवरच येऊन पडले आहे.