पुणे-नाशिक मार्गावरील वाइन उद्योग आणि फ्रान्समधील कौटुंबिक द्राक्षमळा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा वाहने आणि यंत्रे यांच्या अंगाने लिहिला जातो. वस्तुतः या पट्ट्याच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचा कारखाना किण्वनावर उभा होता. १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होई ते किण्वनाच्या टाक्यांतच. किण्वनावरच आधारलेला एक निराळा उद्योग १९८० च्या दशकात चाकणच्या उत्तरेस सुमारे ४५ कि.मी. अंतरावर, नारायणगाव येथे उभा राहिला. शामराव चौगुले यांच्या शॅम्पेन इंडाज या कंपनीने पायपर-हाइडसिक या फ्रेंच संस्थेच्या तांत्रिक साहाय्याने तेथे ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन तयार केली आणि ती परदेशी बाजारपेठेत नेली. फ्रान्सहून द्राक्षाच्या जाती आल्या, तंत्रही आले. तेथील लहान मळ्याची व्यवस्था मात्र आली नाही. सदर लेखात याच उणिवेचा विचार केला आहे.

ही व्यवस्था समजण्यासाठी लियों शहराच्या उत्तरेकडील बोजोले प्रांताचे उदाहरण उपयुक्त ठरते. येथील हलकी तांबडी वाइन ‘गामे’ या जातीच्या द्राक्षापासून होते. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने १३९५ मध्ये फर्मान काढून हे द्राक्ष आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचा प्रयत्न केला. दक्षिणेकडील बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते रुजले. गामेत टॅनिन कमी आणि आम्लता चांगली असते. न ठेचलेले घड बंद टाकीत कर्बवायूच्या आवरणाखाली ठेवले, की किण्वन मण्याच्या आतच सुरू होते. रंग उतरतो, पण तुरटपणा फारसा उतरत नाही. अशी वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअसला, म्हणजे किंचित थंड करूनच पितात. (तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम युरोपातील थंड घरांत जन्मला. एप्रिलमधील पुण्याच्या खोलीला तो लावणे हास्यास्पदच होय.)

बोजोलेतील अनेक मळे एकेका कुटुंबाचे आहेत. वेलीची छाटणी करणारा, द्राक्ष तोडणारा आणि तळघरात पिंप राखणारा माणूस बहुधा एकच असतो. तथापि या चित्राला भाबडेपणाने भुलू नये. बहुसंख्य लहान उत्पादक आपला माल मोठ्या व्यापाऱ्यांना किंवा सहकारी संस्थांना विकत आले. नोव्हेंबरातील ‘नूव्हो’ वाइनची लाट ओसरल्यावर २००१ च्या हंगामातील शिल्लक वाइन मोठ्या प्रमाणावर नष्ट करावी लागली. मात्र त्याच प्रांतात मार्सेल लापिएर यांच्यासारखे उत्पादकही होते. १९७३ मध्ये घरचा मळा हाती घेतल्यावर ते पुढे वाइनतज्ज्ञ ज्यूल शोव्हे यांच्या विचारांकडे वळले, रासायनिक द्रव्ये टाळून वाइन करू लागले आणि स्वतःच्या नावाने ती विकू लागले. बाजार पडला तरी अशा शेतकऱ्याजवळ स्वतःची बाटली आणि ती ओळखणारा गिऱ्हाईक उरतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती निसर्गतःच वेगळी आहे. येथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. बोजोलेत द्राक्ष पिकते ते ऊन उतरत असताना, येथे पिकते ते ऊन चढत असताना. परिणामी साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता घटते. हलक्या, थंड पिण्याजोग्या वाइनला हे प्रतिकूल आहे. येथील तांबड्या वाइनमध्ये कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ या जातींना प्राधान्य मिळाले. उष्ण हवामानाच्या देशात भारदस्त वाइन पिकावी, हा विरोधाभास त्यातूनच आला.

परंतु निसर्गापेक्षा धोरणाचा वाटा मोठा दिसतो. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरविले. चाकणचे भूखंड आखणाऱ्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडेच विंचूरचे भूखंड आखण्याचे काम आले. वाइनला शेतीच्या घरातून नव्हे, तर औद्योगिक वसाहतीतून जन्म देण्याचा हा प्रयत्न होता. शेतकऱ्यांनी लहान वायनरी काढल्याही. पण बाटली विकण्याची यंत्रणा नसल्याने अनेकांना आपली वाइन मोठ्या कंपन्यांना घाऊक विकावी लागली.

इंडाजने परदेशात खरेदीचा सपाटा लावला होता. २००८ च्या जागतिक मंदीनंतर ती कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. त्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची मागणीही घटली आणि नाशिक भागातील कित्येक शेतकऱ्यांनी वेली उपटून टाकल्या. येथे एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असते. ते बाजार समितीत खाण्यासाठी विकले जात नाही. खाण्याच्या द्राक्षाचा व्यापारी बुडाला तर दुसरा गाठता येतो. वाइनच्या द्राक्षाचा एकमेव खरेदीदार बुडाला तर घड वेलीवरच राहतात, आणि ते घरी आंबविण्यास महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवाना लागतो.

जुन्नर तालुक्यात आजही द्राक्षबागा आहेत. पण नारायणगावची ख्याती आता काळ्या, टपोऱ्या ‘जंबो’ द्राक्षासाठी आहे, आणि ते पेटीत भरून निर्यातीला जाते.