टेरर हाउस, बुडापेस्ट

टेरर हाउस : हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील इतिहास-संग्रहालय. मूळ हंगेरियन नाव तेरोर हाझा. पत्ता आंद्राशी मार्ग, क्रमांक 60. बाणक्रूस पक्षाची फॅसिस्ट राजवट आणि तिच्यामागून आलेली साम्यवादी हुकूमशाही या दोन्हींखालचे जीवन येथे मांडले आहे. उद्‌घाटन 24 फेब्रुवारी 2002. आत पाहण्यासारखे पुष्कळ असले तरी येथील सर्वांत मोठा ऐवज म्हणजे ही वास्तूच होय, कारण दोन्ही राजवटींच्या छळयंत्रणांनी लागोपाठ याच घरात बिऱ्हाड केले.

अडॉल्फ फेस्ती या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार 1880 मध्ये नव-प्रबोधन शैलीत बांधलेली ही हवेली. 1937 मध्ये हंगेरियन नात्सींनी येथे जागा भाड्याने घेतली आणि पुढे सगळी वास्तूच बाणक्रूस पक्षाचे मुख्यालय झाली. पक्षप्रमुख फेरेंत्स सालाशी याने तिला ‘निष्ठेचे घर’ असे नाव दिले. ऑक्टोबर 1944 मध्ये राज्यप्रमुख मिक्लोश होर्ती यांनी युद्धातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करताच जर्मनांनी त्यांना दूर करून सालाशीला गादीवर बसवले. त्यानंतरच्या काही महिन्यांत बाणक्रूसच्या टोळ्यांनी हजारो ज्यूंना डॅन्यूबच्या काठावर उभे करून गोळ्या घातल्या. या घराच्या तळघरातही कैद्यांचे हाल झाले. सालाशीला मार्च 1946 मध्ये फाशी देण्यात आली.

तोवर घराला नवे धनी मिळाले होते. सोव्हिएत सैन्यामागून सत्तेवर येऊ लागलेल्या साम्यवाद्यांच्या राजकीय पोलिसांनी 1945 मध्ये नेमके हेच घर निवडले. या दलाची नावे बदलत गेली (आधी ‘आवो’, नंतर ‘आवेहा’), प्रमुख मात्र गाबोर पेतेर हाच राहिला. तो व्यवसायाने शिंपी. शेजारच्या इमारतीही दलाने ताब्यात घेतल्या, तळघरे एकमेकांना जोडली आणि खाली कोठड्यांचे जाळे तयार केले. डिसेंबर 1948 मध्ये अटक झालेले कार्डिनल योझेफ मिंत्सेंती यांचा कबुलीजबाब मारहाणीच्या जोरावर येथेच काढण्यात आला. या यंत्रणेने आपल्या माणसांनाही सोडले नाही. तिचे एके काळचे गृहमंत्री लास्लो राय्क 1949 मध्ये फासावर गेले आणि खुद्द पेतेरला 1953 च्या आरंभी अटक झाली. या काळात रस्त्याचे नाव स्टालिन मार्ग होते. आंद्राशी हे जुने नाव परत मिळायला 1990 साल उजाडावे लागले. 1956 च्या उठावात आवेहा बरखास्त झाल्यावर घराची डागडुजी करून त्यात कचेऱ्या थाटल्या गेल्या, आणि तळघरात साम्यवादी युवकांचा क्लब सुरू झाला.

संग्रहालयाची उभारणी व्हिक्टर ओर्बान यांच्या पहिल्या सरकारच्या काळात झाली. संचालकपद इतिहासकार मारिया श्मिट यांच्याकडे आहे. मांडणी आणि दर्शनी भागाची कल्पना अतिला एफ. कोवाच यांची. राखाडी रंगाच्या या घराभोवती त्यांनी काळी चौकट उभी केली असून तिच्या छपरासारख्या पट्टीत ‘टेरर’ हा शब्द कोरून काढला आहे. ऊन असले की त्या अक्षरांतून प्रकाश भिंतीवर पडतो.

आत शिरताच मधल्या चौकात तेलाच्या हौदात उभा असलेला सोव्हिएत रणगाडा दिसतो. मागची भिंत बळींच्या छायाचित्रांनी वरपर्यंत भरलेली आहे. प्रेक्षकाने आधी वरच्या मजल्यावर जायचे आणि दालने पाहत खाली उतरायचे, असा क्रम आहे. फलक वाचण्यापेक्षा प्रकाश, संगीत आणि चित्रफितींतून अनुभव देण्याकडे मांडणीचा कल आहे. गुलागच्या दालनात पायाखालचा गालिचा म्हणजेच छळछावण्यांचा नकाशा. एका ठिकाणी बाणक्रूसचा आणि साम्यवाद्यांचा असे दोन गणवेश पाठीला पाठ लावून फिरत राहतात, कारण कालचे काही फॅसिस्ट आज दुसरा डगला चढवून त्याच कामाला लागले होते. शेतकऱ्यांकडून सक्तीने वसूल केलेल्या धान्य-चरबीची कथा चरबीच्या विटांसारख्या दिसणाऱ्या भिंतींच्या भुलभुलैयात सांगितली आहे. हे दालन सर्वांत प्रभावी वाटते. येथे दहशत कोठडीतून निघून थेट स्वयंपाकघरात पोचते.

तळघराकडे नेणारी काचेची लिफ्ट मुद्दाम अतिशय संथ ठेवली आहे. उतरताना पडद्यावर एक वृद्ध माणूस फाशीची कार्यपद्धती शांतपणे सांगत असतो. खालच्या कोठड्या मूळच्या नसून पुन्हा बांधलेल्या आहेत, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवावे. बाहेर पडण्याच्या वाटेवरील भिंतीवर छळ करणाऱ्यांची छायाचित्रे नावांसह लावली आहेत.

संग्रहालयावर वाद सुरुवातीपासूनच आहे. उद्‌घाटन निवडणुकीच्या तोंडावर झाले, हा त्यातला किरकोळ भाग. खरा आक्षेप तोलाचा आहे. बाणक्रूसच्या वाट्याला दोन-तीन दालने आणि उरलेले जवळजवळ सगळे घर साम्यवादी काळाला. बाणक्रूसची सत्ता काही महिनेच टिकली, साम्यवाद्यांची चार दशके, हे उत्तर अर्धेच खरे आहे. 15 मे ते 9 जुलै 1944 या आठ आठवड्यांत 4,37,000 हून अधिक ज्यू हंगेरीतून हद्दपार झाले, बहुतेक आउश्वित्सला. तेव्हा सत्तेवर सालाशी नव्हता. होर्तीच राज्यप्रमुख होते आणि गाड्या भरण्याचे काम हंगेरियन सशस्त्र पोलीस करत होते. 1944 च्या मार्चमधील जर्मन आक्रमणापासून सगळा दोष परक्यांच्या माथी मारणारी मांडणी या प्रश्नापाशी आखडते. छळणाऱ्यांची नावे भिंतीवर लावण्याचे धैर्य या संस्थेने दाखवले, पण होर्ती-राजवटीचा हिशेब पुरता मांडलेला नाही.

सर्वांत जवळचे भुयारी स्थानक वोरोश्मार्ती रस्ता. हा मार्ग 1896 पासून चालू आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते. आत छायाचित्रण करू देत नाहीत. लहान मुलांना तळघरात नेऊ नये. येथे येणाऱ्याने पावा रस्त्यावरील होलोकॉस्ट स्मृतिकेंद्र आणि संसदभवनाजवळ डॅन्यूबकाठी 2005 मध्ये उभारलेले लोखंडी जोड्यांचे स्मारक हीदेखील पाहावीत. एकट्या टेरर हाउसवरून हंगेरीच्या 1944 सालाविषयी मत बनवू नये.