धुराची कमाई आणि चार चाकांचा खर्च

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा नसतो, वेगाचाही नसतो. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असाच तो असतो. लिटरमागे किलोमीटर किती, यावर आपण गाडीची आणि कधी कधी गाडीवाल्याचीही अक्कल जोखतो. आज मला अशा गाड्यांविषयी बोलायचे आहे, की ज्यांच्या मालकाला हा प्रश्न विचारला तर तो हसून विषय बदलतो. या आहेत १९८० ते २००५ या काळातल्या, टर्बो बसवलेल्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोटारी. जर्मनीची ऑडी क्वाट्रो, इटलीची लान्चिया डेल्टा इंटिग्राले, जपानच्या सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ही त्यांतली गाजलेली नावे.

मी बी.ए. झालो तो साहित्य घेऊन. पाने आणि पकड यांच्याशी माझा संबंध नाही. पण कवितेच्या माणसाला शब्द अडवतात. ‘टर्बो’ हा शब्द मी पहिल्यांदा एका मालमोटारीच्या पाठीवर वाचला आणि त्याचा माग काढत गेलो. तेव्हा लक्षात आले की आज उधळपट्टीची खूण वाटणारा हा शब्द जन्माला आला होता काटकसरीच्या पोटी.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमध्ये. आल्फ्रेड ब्यूखी हा विंटरथूर गावचा इंजिनिअर. इंधन जळाल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेचा फार मोठा वाटा, ढोबळ मानाने एक तृतीयांश, गरम धुराबरोबर बाहेर निघून जातो, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असाच हा प्रकार. त्याने विचार केला, या धुराच्या वाटेत एक पात्यांचे चाक ठेवावे. धूर ते फिरवील. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असेल, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबील. हवा जास्त म्हणजे इंधनही जास्त जाळता येईल, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त काम निघेल. १९०५ साली त्याने याचे पेटंट घेतले. पण इतकी उष्णता सोसणारा धातू आणि इतक्या वेगाने फिरणारे चाक तेव्हा कोणाला नीट करता येत नव्हते. ब्यूखीने वीस वर्षे दम धरला. १९२५मध्ये त्याने डिझेल इंजिनाची ताकद ४० टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली. त्यानंतर दोन जर्मन प्रवासी जहाजांवर अशी इंजिने बसली.

इकडे अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर विमानाचे इंजिन नेले. विरळ हवेत गुदमरणारे इंजिन टर्बोने पुन्हा श्वास घेऊ लागते, हे त्याने दाखवले. म्हणजे जहाजावर काय किंवा विमानात काय, टर्बोचे काम एकच होते. वाया जाणारे परत मिळवायचे.

मग हा काटकसरी गृहस्थ उधळ्या कसा झाला? याचे उत्तर पेट्रोलच्या स्वभावात आहे. हवा दाबली की तापते. डिझेलला हे मानवते, कारण दाबून तापलेल्या हवेनेच ते पेटते. पेट्रोलला मात्र ठिणगीची वाट पाहावी लागते. सिलिंडरातले मिश्रण फार तापले तर त्यातला काही भाग ज्योत पोहोचण्याआधी आपोआपच भडकतो. गॅरेजवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ठणठण असा आवाज येतो आणि तसेच चालू ठेवले तर पिस्टनला भोके पडतात. यावर त्या काळी दोन उपाय होते आणि दोन्ही महाग होते.

पहिला उपाय म्हणजे इंजिनाचे स्वतःचे कॉम्प्रेशन कमी ठेवायचे. १९८०च्या ऑडी क्वाट्रोत ते फक्त सातास एक होते. कॉम्प्रेशन जितके जास्त तितके इंधनातून काम जास्त, हा यंत्राचा साधा नियम आहे. आता गंमत पाहा. शहरात, सिग्नलमागून सिग्नल अशी गाडी चालते तेव्हा टर्बोचे चाक नुसतेच फिरत असते, हवा दाबत नसते. मग उरते काय? मुद्दाम ढिले करून ठेवलेले इंजिन. म्हणजे टर्बो कामावर नसला तरी त्याचा पगार चालूच.

दुसरा उपाय आणखी चमत्कारिक आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. पण पूर्ण जोरात पळताना या गाड्यांत अकरा-बारा किलो हवेमागे एक किलो पेट्रोल सोडत. हे जास्तीचे पेट्रोल जळण्यासाठी नसतेच. ते वाफ होताना उष्णता शोषून घेते आणि सिलिंडर व टर्बोची पाती थंड ठेवते. पाण्याचे काम पेट्रोलकडून करून घ्यायचे! १९६२मध्ये अमेरिकेच्या ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ ही टर्बोची गाडी काढली, तेव्हा त्यांनी थंडाव्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायला विसरत, आणि टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा जोर आवरून धरी. गाडी दोन वर्षांत बंद झाली. पुढच्यांनी मग दुसरी टाकी ठेवलीच नाही, पेट्रोलच शिंपडले.

इतिहासाला उपरोधाची आवड असते. सप्टेंबर १९७३मध्ये बीएमडब्ल्यूने फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘२००२ टर्बो’ मांडली. पुढच्या बंपराखाली ‘टर्बो’ हे अक्षर उलटे लिहिलेले, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटे वाचता यावे आणि त्याने बाजूला व्हावे. पुढच्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल काही महिन्यांत बाराच्या घरात गेले. २५ नोव्हेंबरच्या रविवारी पश्चिम जर्मनीत मोटारी चालवायला बंदी होती. महामार्गांवर माणसे पायी आणि सायकलवर फिरली. अशा दिवसांत ती उलटी अक्षरे लोकांच्या डोळ्यांत खुपली नसती तरच नवल. त्या गाड्या १,६७२ निघाल्या आणि १९७५मध्ये काम आटोपले.

आणि त्याच तेलटंचाईने टर्बोला त्याच्या मूळ घरीही पाठवले. अमेरिकेने १९७५मध्ये कायदा करून कंपन्यांवर सरासरी अ‍ॅव्हरेजचे बंधन घातले. ते सांभाळायला मर्सिडीजने १९७८च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारासाठी टर्बो डिझेल मोटार आणली. एकाच दशकात एकच यंत्र एका गाडीत मिरवत होते आणि दुसऱ्या गाडीत बचत करत होते.

आता चार चाकांकडे वळू. ऑडीचा इंजिनिअर योर्ग बेन्सिंगर १९७७च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेत होता. त्यांच्याबरोबर फोक्सवॅगनची ‘इल्टिस’ नावाची लष्करी जीप होती. इंजिन अवघे ७५ अश्वशक्तीचे. पण बर्फावर ती भारी इंजिनाच्या गाड्यांना मागे टाकू लागली, कारण तिची चारही चाके जमीन पकडत होती. बेन्सिंगरने ही कल्पना फर्डिनांड पिएख या वरिष्ठाकडे मांडली. जानेवारी १९७८मध्ये ऑस्ट्रियातल्या टुराखच्या बर्फाळ घाटात, २३ टक्के चढावर, त्यांची नमुन्याची गाडी साध्या उन्हाळी टायरांवर चढून गेली. मार्च १९८०मध्ये जिनेव्हात, बर्फावर स्केटिंग करायच्या एका सभागृहात, क्वाट्रो जगापुढे आली. दोनशे अश्वशक्ती आणि चार चाके. इराणातल्या क्रांतीनंतर तेल दुसऱ्यांदा भडकले होते, ते हेच दिवस. २००७पासून आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या तीच ही ऑडी.

या पकडीची किंमत मात्र रोज मोजावी लागे. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट, जादा डिफरन्शियल, जादा बेअरिंग आणि हे सगळे घुसळत राहणारे घट्ट तेल. रस्ता कोरडा असो, दुपार असो, गाडी दूध आणायला निघालेली असो, हे सारे फिरतच राहते. त्यात वजन वाढते आणि प्रत्येक सिग्नलला ते वजन पुन्हा ओढावे लागते. बर्फावर हा खर्च सार्थकी लागतो, कारण जागेवर गरगरणारे चाकही इंधनच खाते. सपाट कोरड्या रस्त्यावर मात्र तो नुसता खर्च आहे.

शर्यतींनी या गाड्यांना कीर्ती दिली. १९८१मध्ये मिशेल मूतों हिने क्वाट्रो चालवून सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८५मध्ये तिने पाइक्स पीकच्या चढाईचा विक्रम मोडला, तोही टर्बोच्याच ऑडीत. मॉसने इंजिन नेले होते तोच हा डोंगर. पण ताकदीची चढाओढ हाताबाहेर गेली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा साथीदार सेर्जिओ क्रेस्टो गाडीसह दरीत कोसळून जळाले. ‘ग्रुप बी’ नावाचा तो शर्यतीचा वर्ग त्या वर्षाअखेर बंद झाला. त्यानंतरच्या नियमांनुसार, शर्यतीत उतरायचे तर तशीच गाडी हजारोंच्या संख्येने सामान्य लोकांसाठी बनवणे भाग पडले. शर्यतीसाठी घडवलेले यंत्र घराच्या अंगणात येऊन उभे राहिले ते असे. इंटिग्राले, इम्प्रेझा, इव्होल्यूशन या सगळ्या त्या नियमाच्या लेकी. जपानी कंपन्यांनी तर आपसांत ठरवून २८० अश्वशक्तीवर जाहीर मर्यादा घातली होती. ती २००४पर्यंत टिकली.

आणि अ‍ॅव्हरेज? अमेरिकी सरकारच्या सुधारित मोजणीत २००४च्या सुबारू इम्प्रेझा एसटीआयला शहर आणि महामार्ग मिळून गॅलनला १८ मैल मिळतात, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या थोडे वर. ‘सुधारित’ म्हणायचे कारण असे की, २००८पासून तिथे भरधाव वेग, कडाक्याची थंडी आणि एअर कंडिशनर यांचाही हिशेब चाचणीत धरू लागले, आणि जुन्या गाड्यांचे आकडे खाली आले. कंपनीचा जुना कागद दाखवून आज कोणी अ‍ॅव्हरेज सांगू लागला तर हे लक्षात ठेवावे.

या गाड्या आता वीस, तीस, चाळीस वर्षांच्या झाल्या. वयाबरोबर तहानही वाढते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर म्हातारा होतो आणि इंजिनाला चुकीचे सांगू लागतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कायम थंडच समजून पेट्रोल जास्त सोडते. दाबलेली हवा नेणारी रबरी नळी चिरली की कमाई वाटेतच गळते. टायर तर चारही सारख्या झिजेचे हवेत. एकच नवा टायर बसवला तर त्याचा घेर मोठा, मग चार चाकांची आतल्या आत ओढाताण सुरू. हौशी माणसे मोठा टर्बो बसवतात, पण अ‍ॅव्हरेज सुधारायला बहुधा पाच-पन्नास रुपयांची नळीची पकड आणि उजव्या पायाचा संयम पुरतो.

दोष टर्बोचा नव्हता, हे पुढच्या काळाने दाखवले. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२च्या गाड्यांत इंजिनालाच कान दिले. नॉकिंगची चाहूल लागताच सेन्सर टर्बोचा दाब कमी करी, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता आले आणि पेट्रोल वाचले. क्वाट्रोचे कॉम्प्रेशनही १९८९मध्ये सातावरून ९.३वर गेले. पुढे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारू लागले. तिथेच त्याची वाफ होऊन थंडावा मिळतो आणि उधळावे कमी लागते. आज छोटे इंजिन आणि टर्बो ही काटकसरीचीच जोडी मानली जाते. आणि चारही चाके अखंड फिरवण्याचा अभिमान मिरवणाऱ्या ऑडीने २०१६मध्ये अशी क्वाट्रो आणली की, गरज नसेल तेव्हा तिच्या मागच्या चाकांकडचा शाफ्ट सुटून विसावा घेतो.

आपण मराठीत ‘किफायतशीर’ म्हणतो. त्यातला ‘किफायत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. आमच्या घरात तो रोजच्या वापरातला. मुळात त्याचा अर्थ कमी खर्च असा नाही, पुरेसे असणे असा आहे. ब्यूखीला धुरातून हवे होते ते हेच. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या यंत्राकडून आपण पुरेशापेक्षा जास्त मागत राहिलो आणि त्याने तेही दिले. फक्त त्याचे बिल पेट्रोल पंपावर भरावे लागले.