उत्सवासाठी कीर्तनकार व कलावंतांना निमंत्रण : परंपरा, पद्धती आणि पथ्ये

॥ श्री ॥

जत्रेची तिथी जवळ येऊ लागली की देवस्थान समितीच्या बैठकीत पालखी, महाप्रसाद, रोषणाई हे विषय लवकर मार्गी लागतात आणि ‘यंदा कीर्तनाला कोणाला बोलवायचे?’ या प्रश्नाशी चर्चा अडते. मग कोणीतरी एखादे नाव सुचवितो, कोणाच्या तरी ओळखीने दूरध्वनी होतो आणि विषय संपतो. परंतु उत्सवातील कलेचा दर्जा, कलावंताचा मान आणि पुढील पिढीच्या कानांवर काय पडणार, या तिन्ही गोष्टी त्या एका दूरध्वनीवर ठरत असतात. म्हणून गोव्यातील उत्सवांच्या अनुभवावरून या विषयाची माहिती महाजन, उत्सव समितीचे सदस्य व भाविक यांच्यासाठी आम्ही येथे एकत्र देत आहोत.

निमंत्रणाची परंपरा

गोमंतकातील देवळांत पूर्वी कलेची सेवा वंशपरंपरेने चाले. वाजंत्री, चौघडा वाजविणारे, गायन-नर्तन करणाऱ्या कलावंतिणी यांच्या घराण्यांकडे ती जन्मानेच येई. केरी गावच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२), मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर (जन्म १९००) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) ही नावे त्याच समाजातून पुढे येऊन देशभर गाजली. त्यांचा अभिमान आपण सारेच बाळगतो. मात्र ज्या व्यवस्थेत ही सेवा चाले तिच्यात स्त्रियांना निवडीचा अधिकार नव्हता आणि ज्यांच्या गाण्याने उत्सव रंगे त्यांना समाजात बरोबरीचे स्थान मिळत नसे, हेही विसरता कामा नये. सुधारकांच्या आणि त्या समाजातील धुरिणांच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकात ती प्रथा मोडली, हे योग्यच झाले.

त्यानंतर देऊळ आणि कलावंत यांना जोडणारा निमंत्रण हा एकच धागा उरला. आज कलावंत बोलावल्यावर येतो आणि त्याला नकार देण्याची मोकळीक आहे. म्हणूनच निमंत्रण कसे दिले जाते याला महत्त्व आले आहे. ज्या कलेला वर्षानुवर्षे कोणी बोलावीत नाही, ती शिकण्यास पुढची पिढी धजत नाही.

गोव्याबाहेरील जुन्या मराठी केंद्रांनीही हे निमंत्रण जपलेले दिसते. ग्वाल्हेर येथे १९२४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या तानसेन समारोहाचा आरंभ समाधिस्थळी सनईवादन, ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा आणि मिलाद यांनी होतो. बडोद्यात महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या संस्थानात कलावंतांसाठी ‘कलावंत कारखाना’ हे स्वतंत्र खाते होते आणि १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू झाली. राजाश्रय गेला तरी बोलावणे आणि मान देणे हे काम उरतेच. आता ते आपल्यासारख्या संस्थांनी करावयाचे आहे.

कीर्तन

कीर्तनकारास निमंत्रण देण्यापूर्वी आपणांस नारदीय कीर्तन हवे की वारकरी, हे समितीने ठरवावे. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंगात पदाचे किंवा अभंगाचे निरूपण, मध्ये नामगजर आणि मग उत्तररंगात आख्यान असा क्रम असतो. साथीला पेटी व तबला लागतो. मध्यंतरात कीर्तनकारास हार घालून बुक्का लावण्याची प्रथा आहे. तो मान कोणी करावयाचा हे आधीच ठरवावे, ऐन वेळी शोधाशोध होऊ नये. वारकरी कीर्तनात एका अभंगावर निरूपण चालते आणि मागे वीणेकरी, टाळकरी व पखवाजवादक उभे असतात. तेव्हा एकट्या बुवांना बोलावून भागत नाही, टाळकऱ्यांची सोय आधी पाहावी लागते.

आख्यानाचा विषय तिथीला अनुसरून असावा, हे बुवांशी आधी बोलून घ्यावे. रामनवमीच्या कीर्तनात जन्माचा प्रसंग बरोबर माध्यान्ही आणि गोकुळाष्टमीस मध्यरात्री यावा लागतो. त्यासाठी कीर्तन किती वाजता उभे राहणार हे निमंत्रणातच स्पष्ट लिहावे. सत्कार आणि भाषणे लांबून कीर्तन उशिरा सुरू झाले तर पाळणा घाईत म्हणावा लागतो, आणि त्याचा दोष विनाकारण बुवांकडे जातो.

भजन व घुमट आरती

भजनी सप्ताहात एकापाठोपाठ एक पथके येत असल्याने निमंत्रणापेक्षा वेळापत्रकाला अधिक महत्त्व असते. वास्को येथील श्रीदामोदर भजनी सप्ताहात अखंड भजन चालते, ते पहारे वाटून घेतल्यामुळेच. पहाटेचा पहारा कोणालाच नको असतो. तो दरवर्षी त्याच पथकाच्या माथी मारू नये.

घुमट आरतीसाठी घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये लागतात. घुमटाच्या मातीच्या भांड्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीस संरक्षण असल्याने आता बकरीचे कातडे वापरले जाते. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. पथकास बोलावताना वाद्ये बकरीच्या कातड्याचीच असावीत, असे सौजन्याने कळवावे.

दशावतार व संगीत नाटक

पेडणे परिसरात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतारी मंडळ्यांची परंपरा आहे. येथे निमंत्रण एका नटाला नसून संपूर्ण मंडळीला असते. स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि संवाद लिखित नसतात; आख्यानाचा आराखडा ठरलेला असतो व नट प्रसंगानुरूप बोलतो. त्यामुळे ‘संहिता आधी दाखवा’ असा आग्रह धरणे म्हणजे त्या कलेचे स्वरूपच न समजणे होय. मंडळीचा पेटारा ठेवण्यास स्वच्छ व सुरक्षित जागा आणि रंगभूषेसाठी पुरेसा प्रकाश असलेली खोली, एवढी व्यवस्था अवश्य करावी.

संगीत नाटकाची आवड आपल्याकडे जुनी आहे. स्थानिक हौशी कलाकार नाटक बसवितात तेव्हा लेखनहक्काचा प्रश्न येतो. आपल्या कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. गोविंद बल्लाळ देवल (निधन १९१६) यांचे ‘संशयकल्लोळ’ किंवा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (निधन १९४८) यांचे ‘मानापमान’ यांच्या संहितांसाठी आता परवानगी लागत नाही. अलीकडच्या नाटककारांच्या कृतींसाठी मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी घेऊनच तालमी सुरू कराव्यात.

जाणकारांची निवड

कलावंताइतकीच जाणकाराचीही गरज असते. भजन स्पर्धेला परीक्षक, व्याख्यानाला अभ्यासक, नव्या पथकाला शिकविणारा गुरू, यांची निवड पदावरून किंवा प्रसिद्धीवरून करू नये. परीक्षकाने ती कला स्वतः केलेली किंवा दीर्घकाळ ऐकलेली असावी आणि स्पर्धेतील पथकांशी त्याचे नाते नसावे. निकष स्पर्धेपूर्वी सर्वांना वाचून दाखविले तर नंतरची धुसफूस पुष्कळशी टळते.

आपल्याच गावातील जाणकार आपल्या नजरेतून सुटतात, असाही अनुभव आहे. जुन्या आरत्यांच्या चाली ज्यांना ठाऊक आहेत अशी वृद्ध मंडळी प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसलेली असतात. त्यांना घरी जाऊन, नारळ देऊन बोलवावे. छापील पत्रिकेने ती येतील. पण मुलांना शिकवायला बसतील ती घरी जाऊन केलेल्या बोलावण्यानेच.

साथीदार आणि बिदागी

काही वर्षांपूर्वीची आमची चूक येथे सांगणे इष्ट वाटते. बाहेरगावच्या एका कीर्तनकारांना आम्ही निमंत्रण दिले. तबलजी ते सोबत आणतील असे आम्ही गृहीत धरले. देवस्थान व्यवस्था करील असे त्यांनी. सभामंडप भरला तेव्हा पेटी होती, तबला नव्हता. बुवांनी चेहऱ्यावर काहीही न दाखविता झांजेवरच नमन सुरू केले. शेजारच्या वाड्यावरून एका तरुणाला बोलावून आणले, तो पूर्वरंग संपत आला तेव्हा बैठकीवर पोहोचला. मध्यंतरात अध्यक्षांनी बुवांना हार घातला. बुवांनी तो गळ्यातून काढला आणि त्या तरुणाच्या गळ्यात घातला. सभामंडपात सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हांला मात्र मान खाली घालावी लागली. त्या तरुणासाठी आम्ही हारही आणला नव्हता आणि पाकीटही काढले नव्हते.

तेव्हापासून आमच्या निमंत्रणपत्रात पुढील बाबी लेखी असतात :

१. कार्यक्रमाची तिथी, तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ.
२. साथीदार कोण आणणार, किती जण आणि कोणत्या वाद्यांचे.
३. बिदागीची रक्कम; साथीदारांची बिदागी स्वतंत्र.
४. येण्याजाण्याचे वाहन, मुक्काम व जेवणाची वेळ. गाणारे बहुधा कार्यक्रमापूर्वी हलके खातात, म्हणून कार्यक्रमानंतर ताट वाढण्याची व्यवस्था.
५. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव.
६. ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करावयाचे असल्यास कलावंताची पूर्वसंमती.

बिदागी त्याच रात्री द्यावी. ‘हिशेब झाल्यावर पाठवितो’ हे उत्तर कलावंताला देऊ नये. वारकरी परंपरेतील काही बुवा कीर्तनाचे द्रव्य घेत नाहीत. त्यांच्याबाबत आग्रह न करता प्रवासाची व टाळकऱ्यांच्या भोजनाची काळजी घ्यावी. देवाची सेवा म्हणून कमी घ्या, असे मात्र निमंत्रकाने कधीही म्हणू नये. सेवा म्हणून काय सोडायचे हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

वेळेचे बंधन

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, तोही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. रात्रभर रंगणाऱ्या दशावताराला याची झळ बसते. मंडळीला बोलावतानाच ही अडचण सांगावी, प्रयोग संध्याकाळी लवकर सुरू करावा आणि आख्यान किती आटोपशीर करावयाचे ते मंडळीच्या प्रमुखांवर सोपवावे. चालू प्रयोग मध्येच थांबविण्याची पाळी आणणे हा कलावंताचा आणि प्रेक्षकांचाही अवमान आहे.

नवोदितांसाठी जागा

नामवंत कीर्तनकार आले की गर्दी होते, हे खरे. परंतु उत्सवाच्या पाच दिवसांपैकी एक दिवस तरी नव्याने शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी राखून ठेवावा. देवापुढे उभे राहून चार माणसांसमोर चुकल्याशिवाय कोणी कीर्तनकार होत नाही. त्या दिवशी सभामंडप रिकामा राहणार नाही याची जबाबदारी समितीच्या सदस्यांनी सहकुटुंब उपस्थित राहून घ्यावी.

तसेच प्रत्येक देवस्थानाने एक वही ठेवावी. कोणत्या वर्षी कोण आले, कोणते आख्यान झाले, साथीला कोण होते, काय उणीव राहिली, हे उत्सव संपताच लिहून काढावे. समित्या बदलतात, सचिव बदलतात; वही राहते. आमच्या वहीत आता साथीदारांची नावे कीर्तनकारांच्या नावाखालीच, त्याच अक्षरात लिहिली जातात.

आपल्या परिचयात कीर्तन, भजन, घुमटवादन, दशावतार किंवा जुन्या चालींचे जाणकार असल्यास त्यांची नावे भाविकांनी आपापल्या देवस्थान समितीस अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती. श्रींच्या चरणी सेवा करणाऱ्यास आदराने बोलावणे, हीदेखील श्रींचीच सेवा होय.