फुप्फुसातली बुरशी आणि शरीराचा दाह

मे २०२१ मध्ये कोठीच्या सरकारी ईएनटी रुग्णालयाचे नाव हैदराबादमध्ये घरोघरी पोहोचले. करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे वर्तमानपत्रांतली ‘काळी बुरशी’, होऊ लागली होती. त्यांच्या उपचारांसाठी हे रुग्णालय मुख्य केंद्र ठरले आणि तेलंगण सरकारने या आजाराचा प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक केले. बहुतेकांचा त्रास नाक आणि डोळ्यांचा होता, काहींच्या फुप्फुसांतही बुरशी शिरली. तिचे बीजाणू काही त्या वर्षी नव्याने आलेले नव्हते. माती, पालापाचोळा, शिळा पाव, सगळीकडे ते असतातच. मग तेव्हाच असे का झाले?

फुप्फुसांच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो तिच्यासारख्याच हवेतून येणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, रोज शेकड्यांनी श्वासातून आत जाणारे. प्रत्येकापायी दाह झाला असता तर फुप्फुसे टिकलीच नसती. निद्रिस्त बीजाणूवर ‘रॉडए’ या प्रथिनाचा थर असतो, त्यामुळे आपल्या प्रतिकारक पेशींना तो जवळजवळ दिसतच नाही. हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. ओलावा मिळून बीजाणू फुगला की तो थर गळतो आणि आतले बीटा-ग्लुकन उघडे पडते.

ते ओळखणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आहे ‘डेक्टिन-१’. तो भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर असतो. बीटा-ग्लुकन हेच त्याचे लक्ष्य, हे गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये सिद्ध केले. त्याआधी १९९६ मध्ये फळमाशीवरच्या प्रयोगात, ‘टोल’ ग्राही निकामी झाला की माशी याच ॲस्परजिलसने मरते, असे दिसले होते. त्या कामाबद्दल ज्यूल्स हॉफमन २०११ च्या नोबेलचे मानकरी झाले. माशीवरून माणसाच्या फुप्फुसापर्यंतचा हा प्रवास मला तरी विलक्षण वाटतो.

डेक्टिन-१ ला बीटा-ग्लुकन चिकटले की पेशीत संदेश जातो, टीएनएफसारखी दाहकारक द्रव्ये तयार होतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल धावून येतात. बुरशीचे तंतू मारण्याचे मुख्य काम त्यांचेच. पण त्यांची शस्त्रे आपल्या नाजूक वायुकोशांनाही इजा करतात, म्हणून लगाम हवा. तोच ग्राही दाह शमवणारे ‘आयएल-१०’ सुद्धा तयार करवतो. प्रश्न दोन्हींच्या प्रमाणाचा असतो.

ते प्रमाण दोन्ही बाजूंनी बिघडते. रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टिरॉइड, अनियंत्रित मधुमेह यांत दाह कमी पडतो आणि बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते. स्टिरॉइड पेशीच्या आतला संदेशच दाबते, म्हणून ग्राहीने हाक दिली तरी पुढे फारसे काही होत नाही. उलट दम्याच्या काही रुग्णांत बुरशी थोडीच असते, पण ॲलर्जीचा दाह अतोनात होतो. खोकल्यातून तपकिरी गोळे पडतात. या आजाराला एबीपीए म्हणतात आणि त्यावर स्टिरॉइडच देतात. एका रुग्णाला घातक ठरणारे औषध दुसऱ्याचा उपचार असते, म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणे धोक्याचे.

करोनात ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनचा फायदा प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच झाला होता. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे अनेकांनी ते घरीच घेतले, साखर न मोजता. म्युकरच्या बाबतीत वाढलेली साखर आणखी घात करते: रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘जीआरपी-७८’ नावाचे प्रथिन वाढते आणि बुरशी त्यालाच धरून आत शिरते.

जुन्या क्षयाने फुप्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिच्यात ॲस्परजिलसचा गोळा वर्षानुवर्षे निमूट बसू शकतो. अशा माणसाच्या थुंकीत रक्त दिसले, तर क्षय उलटला असे धरून न चालता छातीच्या डॉक्टरांना दाखवावे आणि घेतलेली स्टिरॉइडे व साखरेचे आकडे त्यांना आधीच सांगावेत.